विश्लेषण : ज्येष्ठांना येणारे फसवे फोन… कुलूप नेमके कुठे लावायचे?

माझी मावशी ७९ वर्षांची आहे. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आणि काका गेल्यापासून पुण्यात एकटी राहते. मुलगी बंगळूरुला असते. गेल्या नोव्हेंबरात एका दुपारी तिला फोन आला. ‘कोषागार कार्यालयातून बोलतोय. तुमचा हयातीचा दाखला जमा झालेला दिसत नाही. आज झाला नाही, तर या महिन्याची पेन्शन थांबेल.’ बोलणारा शुद्ध मराठीत, अदबीने, दर वाक्याला ‘मॅडम’ म्हणत बोलत होता. दाखल्याचाच महिना होता आणि गुडघेदुखीमुळे तिचे बँकेत जाणे खरोखरच राहिले होते. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल पाठवली, ती उघडायला लावली आणि मोबाइलवर आलेला आकडा विचारला. पंधरा मिनिटांत, दोन व्यवहारांत तिच्या खात्यातून ७४ हजार रुपये गेले.

मला हे कळले नऊ दिवसांनी. तेही मी तिचे पासबुक भरून आणायला गेलो म्हणून. ‘त्याच दिवशी का नाही सांगितलंस?’ असे विचारले तर म्हणाली, ‘मागच्या वेळी केवढा ओरडला होतास माझ्यावर!’ मागच्या वेळी म्हणजे वर्षभरापूर्वी. तेव्हा ‘केवायसी’च्या नावाने आलेल्या फोनवर ती दहा मिनिटे बोलत राहिली होती. एक रुपयाही गेला नव्हता. तरी मी म्हणालो होतो, ‘एवढी शिकलेली असून कळत कसं नाही? तो फोनच काढून घेतो तुझा.’

पैसे भामट्याने नेले, पण ते परत मिळण्याची जी थोडीफार शक्यता होती ती माझ्या त्या एका वाक्याने घालवली. म्हणून हा लेख. ज्येष्ठांना फसव्या फोनपासून वाचवायचे म्हटले की आपण पहिले कुलूप त्यांनाच लावायला निघतो : फोन काढून घेऊ, बँकेचे अ‍ॅप उडवून टाकू, कोणाशी बोलूच नकोस. प्रत्यक्षात कुलूप लावायचे असते ते अनोळखी माणसाच्या येण्याच्या वाटेला आणि पैसे बाहेर जाण्याच्या वाटेला. घरातल्या माणसांशी बोलण्याची वाट मात्र सताड उघडी ठेवायची असते. आपण नेमके उलटे करतो.

या फसवणुकीचे प्रमाण किती?

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता, म्हणजे वर्षभरात तो तिपटीवर गेला. ‘डिजिटल अटक’ आणि तत्सम प्रकारांच्या सव्वा लाखाच्या आसपास तक्रारी २०२४ मध्ये नोंदल्या गेल्या आणि त्यांतील रक्कम १,९३५ कोटींच्या घरात होती. हे आकडे ज्यांनी तक्रार केली त्यांचे आहेत. लाजेपोटी गप्प बसलेले आजी-आजोबा त्यांत नाहीत.

हरियाणातील अंबाला येथील एका वृद्ध दाम्पत्याने पाठवलेल्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘डिजिटल अटके’ची स्वतःहून दखल घेतली. या दाम्पत्याला थेट सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रुपयांना लुबाडण्यात आले होते. १ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने या प्रकारांच्या देशव्यापी तपासाची जबाबदारी सीबीआयकडे सोपवली.

ज्येष्ठच का सापडतात?

‘त्यांना काही कळत नाही’ हे याचे सोपे आणि चुकीचे उत्तर आहे. निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक, बँकेत हयात घालवलेली माणसेही या सापळ्यात अडकली आहेत. कारणे अकलेत शोधण्यापेक्षा परिस्थितीत शोधायला हवीत.

पहिले कारण म्हणजे साठवलेला पैसा. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, फ्लॅट विकून आलेली रक्कम मुदत ठेवीत एकाच ठिकाणी असते. तिशीतल्या माणसाकडे गृहकर्ज असते, सत्तरीतल्या माणसाकडे ठेव. दुसरे म्हणजे सवय. ज्या पिढीने ट्रंक कॉलसाठी ताटकळत रात्र काढली, लँडलाइनसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून ठेवला, तिच्या लेखी वाजणारा फोन म्हणजे महत्त्वाचे काहीतरी. तो उचलायचा आणि समोरचा बोलत असताना मध्येच ठेवायचा नाही, हा शिष्टाचार. भामटा या शिष्टाचारावरच पोट भरतो. तिसरे म्हणजे सरकारी कागदाची धास्ती. पेन्शन, वीजबिल, आधार, पॅन, पोलीस यांपैकी कोणताही शब्द उच्चारला की आयुष्यभर कायदा पाळून जगलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. चौथे कारण आपल्याला ऐकायला आवडत नाही : एकटेपण. दिवसभरात ‘जेवलात का?’ असे विचारणारा एकच आवाज फोनवरचा असेल, तर तो कोणाचा आहे याची चौकशी मागे पडते.

त्यात ऐकू कमी येणे, मोबाइलवरची बारीक अक्षरे न दिसणे आणि काहींच्या बाबतीत स्मृतिभ्रंशाची सुरुवात याची भर पडते. पैशांच्या व्यवहारातला गोंधळ हे कित्येकदा स्मृतिभ्रंशाचे अगदी सुरुवातीचे लक्षण असते. म्हणून घरातले माणूस वारंवार फसत असेल, तर पोलिसांबरोबर डॉक्टरांकडेही जायला हवे.

फोनवर नेमके काय घडते?

बहाणे बदलतात, पण सांगाडा एकच असतो. ‘बिल भरले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडणार.’ ‘तुमचा मोबाइल क्रमांक दोन तासांत बंद होईल, अधिक माहितीसाठी ९ दाबा.’ ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत.’ ‘तुमच्या नातवाला अपघात झाला आहे, रुग्णालयात लगेच पैसे भरा.’ वाहतूक दंडाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाखाली येणारी फाइलही याच जातकुळीतली. ती उघडली की एक अ‍ॅप फोनमध्ये शिरते आणि मेसेज परस्पर वाचू लागते.

या प्रत्येक फोनमध्ये तीन गोष्टी असतात : भीती किंवा लोभ, घाई, आणि ‘कोणाला सांगू नका’ ही ताकीद. ‘डिजिटल अटके’त तिसऱ्या गोष्टीचे टोक गाठले जाते. गणवेशातला माणूस व्हिडीओ कॉलवर दिसतो, मागे पोलीस ठाण्याचा देखावा असतो, आणि कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही, घरच्यांना कळता कामा नये, असे बजावून माणसाला तासन्‌तास, कधी कित्येक दिवस बसवून ठेवले जाते. ‘डिजिटल अटक’ अशी कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हेच सांगितले. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. घरातल्या ज्येष्ठांना एवढे एक वाक्य पाठ असले तरी पुष्कळ झाले : फोनवर अटक होत नाही आणि पैसे भरून चौकशी थांबत नाही.

या तीन गोष्टींपैकी भीती आणि घाई यांवर आपला इलाज फार चालत नाही; त्या क्षणी आपण तिथे नसतो. ‘कोणाला सांगू नका’ ही ताकीद मात्र आपण निष्प्रभ करू शकतो. अट एवढीच, की सांगितल्यावर काय होईल याची भीती त्यांना आपल्याकडून नसावी.

फोनची वाट अरुंद कशी करावी?

सुरुवात नकोशा जाहिरातींपासून करावी, कारण कर्ज-विमा-प्लॉटच्या रोजच्या माऱ्यात खरा आणि खोटा फोन ओळखण्याची शक्तीच संपते. १९०९ या क्रमांकावर फोन करून किंवा इंग्रजीत ‘स्टार्ट’ लिहून, एक जागा सोडून ‘०’ असा एसएमएस पाठवून सर्व व्यापारी फोन आणि मेसेज बंद ठेवण्याची नोंदणी करता येते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमांत केलेल्या सुधारणेनुसार, नको असलेल्या फोनची तक्रार आता सात दिवसांपर्यंत करता येते. पूर्वी ही मुदत तीन दिवसांची होती. अर्थात नोंदणीने कायदा पाळणारा विक्रेता थांबतो, भामटा थांबत नाही. भामट्याचा फोन किंवा मेसेज आला, पण पैसे गेले नाहीत, तर ‘संचार साथी’ संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर ‘चक्षु’ या सुविधेत त्या क्रमांकाची माहिती द्यावी. मार्च २०२४ पासून ही सोय आहे.

क्रमांक ओळखण्याचा एक ठोकताळा ज्येष्ठांना सहज शिकवता येतो. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी मालिका ठरवलेली आहे. बँका, वित्तसंस्था आणि सरकारी यंत्रणांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका आहे. तेव्हा साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाले, तर संशय घ्यायला तेवढे कारण पुरेसे आहे. मात्र १६०० वरून आलेल्या फोनवरही ओटीपी किंवा पिन सांगायचा नसतो.

मग हँडसेट हातात घ्यावा, शक्यतो त्यांच्या शेजारी बसून, त्यांना दाखवत. मुले, शेजारी, डॉक्टर, औषधवाला, दूधवाला, सोसायटीचे कार्यालय, कामाच्या मावशी, गॅस एजन्सी या सगळ्यांचे क्रमांक नावाने, जमल्यास छायाचित्रासह साठवावेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या गोपनीयता सेटिंगमध्ये अनोळखी कॉल मूक ठेवण्याची सोय आहे, ती चालू करावी. अनोळखी माणसाला परस्पर ग्रुपमध्ये घालता येणार नाही, अशीही व्यवस्था तिथेच आहे. ‘गुंतवणुकीतून दुप्पट’वाले ग्रुप याच दारातून येतात. अ‍ॅप स्टोअरबाहेरचे अ‍ॅप बसवण्याची परवानगी बंद ठेवावी.

साठवलेल्या क्रमांकांखेरीज कोणाचाच फोन वाजू नये, अशीही व्यवस्था बहुतेक फोनमध्ये करता येते. पण तिची किंमत आहे. रुग्णालयातून दुसऱ्याच क्रमांकावरून फोन येतो, गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस खालून फोन करतो, जुनी मैत्रीण नवीन सिम घेते. हे सगळे फोन मुके होतात. म्हणून हा उपाय सरसकट न करता, माणूस वारंवार फसत असेल किंवा स्मृतिभ्रंश असेल, तरच वापरावा.

पैशांची वाट कशी अडवावी?

फोन कितीही गाळले तरी एखादा निसटून येणारच. म्हणून माझ्या मते खरी तटबंदी बँकेत उभारायला हवी. तिचे साधे सूत्र आहे : ज्या खात्यात मोठी रक्कम आहे ते फोनला जोडलेले नको आणि जे फोनला जोडले आहे त्यात मोठी रक्कम नको.

पेन्शन आणि ठेवींचे खाते एक. त्याला यूपीआय नाही, नेट बँकिंग केवळ पाहण्यापुरते किंवा तेही नाही. दुसरे छोटे खाते भाजी, औषधे, रिक्षा यांसाठी. त्यात महिन्याच्या खर्चाएवढेच पैसे. यूपीआय तेवढ्याच खात्याला. भामटा आलाच तर त्याच्या हाती लागेल ते चार-पाच हजार. डेबिट कार्डावरचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद ठेवण्याची, मर्यादा कमी करण्याची सोय सर्व बँकांना रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने ऑक्टोबर २०२० पासून द्यावी लागते. मुदत ठेव घरबसल्या मोबाइलवरून मोडता येते का, हे शाखेत विचारावे आणि येत असेल तर ती सोय बंद करून मागावी. मोठ्या रकमा जातात त्या बहुधा ठेवी मोडूनच.

‘यूपीआय सर्कल’ ही २०२४ मध्ये आलेली सोयही उपयोगी आहे. यात मुलाच्या किंवा मुलीच्या खात्यातून आई-वडिलांना पैसे देता येतात आणि हवे असल्यास प्रत्येक व्यवहाराला मुलाची संमती लागते. पण स्वतःच्या पेन्शनवर ताठ मानेने जगणाऱ्या किती जणांना हे रुचेल, ते विचारूनच ठरवावे.

आणखी एक दुर्लक्षित सोय म्हणजे घरपोच बँक सेवा. सत्तरीपुढील आणि आजारी ग्राहकांना रोख रक्कम पोहोचवणे, हयातीचा दाखला घेणे अशा मूलभूत सेवा घरी द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. मावशीचा दाखला मी एखाद्या रविवारी बसून करून दिला असता, तर ‘दाखला जमा झालेला दिसत नाही’ या वाक्यात काही दमच उरला नसता. भामट्याचे काम सोपे होते ते आपण रखडवलेल्या अशा कामांमुळे.

घरात काय बोलावे?

व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘सावधान’वाले मेसेज पुढे ढकलून उपयोग होत नाही. भीतीच्या क्षणी माणसाला यादी आठवत नाही, पाठ झालेले एखादे वाक्य आठवते. आम्ही मावशीसाठी एक वाक्य ठरवले. ‘माझे पैशांचे व्यवहार भाचा बघतो, त्याला विचारून उद्या सांगते.’ यानंतर फोन ठेवायचा. यात शिष्टाचार मोडत नाही, खोटे बोलावे लागत नाही आणि ‘उद्या’ या शब्दाने घाई संपते. फोन ठेवल्यावर बँकेला किंवा वीज कंपनीला विचारायचे असेल, तर पासबुकावर किंवा बिलावर छापलेल्या क्रमांकावर फोन करायचा. समोरच्याने दिलेल्या किंवा गूगलवर सापडलेल्या क्रमांकावर नाही.

दुसरे म्हणजे खुणेचा शब्द. आवाजाची हुबेहूब नक्कल करणारे तंत्रज्ञान आता सहज उपलब्ध आहे. नातवाच्या आवाजात ‘आजी, पैसे पाठव’ असा फोन आला, तर काय करायचे? घरातल्यांनाच ठाऊक असलेला एक शब्द ठरवून ठेवावा : गावातल्या विहिरीचे नाव, जुन्या मांजरीचे नाव, काहीही. पैसे मागणाऱ्याने तो सांगितला नाही, तर फोन ठेवायचा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. फसव्या फोनची बातमी घरी आली की पहिले वाक्य ‘बरं झालं सांगितलंस’ हेच असावे. पैसे गेले असोत वा नसोत. ‘अगं पण तू…’ने सुरू होणारे प्रत्येक वाक्य पुढच्या वेळची बातमी उशिरा आणते. मुलांना परीक्षेतले कमी गुण लपवायला आपण असेच शिकवतो.

फसवणूक झालीच तर?

पहिला फोन १९३० ला. हा राष्ट्रीय सायबर फसवणूक मदत क्रमांक आहे. तक्रार येताच ती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते गोठवण्याचा प्रयत्न होतो. भामटे पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. भाड्याने घेतलेल्या खात्यांच्या साखळीतून ते मिनिटांमिनिटांत पुढे सरकतात. त्यामुळे पहिल्या तासाला मोल आहे. ही यंत्रणा २०२१ मध्ये सुरू झाल्यापासून २०२५ च्या मध्यापर्यंत वाचवता आलेली रक्कम साडेपाच हजार कोटींच्या आसपास आहे. २०२४ या एकाच वर्षातील नुकसानीशी ताडून पाहिले, तर ती किती अपुरी आहे हे कळते. पण वेळेत फोन केलेल्यांसाठी तीच आशा आहे.

त्याच वेळी बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय बंद करावे. फोनमध्ये अनोळखी अ‍ॅप शिरले असेल, तर इंटरनेट तोडावे आणि तक्रारीसाठी दुसरा फोन वापरावा. मेसेज, फोनची नोंद, व्यवहाराचे क्रमांक पुसू नयेत. लाजेने सगळे पुसून टाकणारे बरेच असतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे इथेही प्रश्न वेळेचाच आहे.

आणि काही आठवड्यांनी ‘तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. तोही त्याच टोळीचा किंवा तिच्या भावकीतला असतो. एकदा फसलेल्या माणसाचा क्रमांक या बाजारात विकला जातो. पैशांपलीकडच्या मदतीसाठी, म्हणजे सल्ला किंवा आधार हवा असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

मग फोन काढूनच घ्यावा का?

नाही, असे माझे ठाम मत आहे. एकट्या राहणाऱ्या माणसासाठी फोन म्हणजे बंगळूरुची मुलगी, रात्री छातीत दुखले तर शेजारी, सकाळचे अभंग आणि शाळेतल्या मैत्रिणींचा ग्रुप. तो काढून घेणे म्हणजे चोर येऊ नये म्हणून घराची सगळी दारे-खिडक्या विटांनी बुजवून टाकणे. शिवाय प्रौढ माणसाचे पैसे त्याचे असतात. चुकण्याचा थोडाफार हक्कही त्यात येतो. मुलांनी ‘संरक्षणा’च्या नावाखाली आई-वडिलांचे पासबुक ताब्यात घेतल्याच्या कहाण्याही आपल्याला नवीन नाहीत. म्हणून जे बदल करायचे ते त्यांना विचारून, समजावून, शक्यतो त्यांच्याच हाताने.

स्मृतिभ्रंशाचे निदान झाले असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे समजावण्याला मर्यादा येतात आणि फक्त साठवलेल्या क्रमांकांचा फोन, हाती थोडी रोख रक्कम, खात्यावर विश्वासू सहधारक अशी व्यवस्था लवकर करावी लागते. साधे मुखत्यारपत्र पुरेल असे समजू नये. देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की सर्वसाधारणपणे त्याचा अंमलही संपतो. म्हणून संयुक्त खाते, नामनिर्देशन हे विषय माणूस स्वतः ठरवू शकतो तोवरच बोलून घ्यावेत.

सगळा भार घरच्यांवरच का?

वर सांगितलेले सगळे केले तरी एक प्रश्न उरतो. ७९ वर्षांच्या बाईने सावध राहायचे, तिच्या भाच्याने सेटिंग बदलायचे. मग ज्यांच्या तारेवरून हा फोन आला आणि ज्यांच्या खात्यातून पैसे गेले, त्यांनी काय करायचे? गेल्या काही वर्षांत आपल्याकडे जागृतीचा धडाका झाला. फोन लावला की आधी सावधानतेची ध्वनिफीत ऐकावी लागे. पण सावध करणे म्हणजे जबाबदारी घेणे नव्हे.

ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई बँकांनी द्यायची असा नियम आहे. पाठवणारी आणि स्वीकारणारी बँक हा भार निम्मा-निम्मा उचलतात. परिस्थितीने दुर्बल ठरलेल्या ग्राहकाला तर ‘तुम्ही पुरेशी काळजी घेतली नाही’ असे सांगून परत पाठवता येत नाही. सिंगापूरने १ जुलै २०२५ पासून पोलिसांना असा अधिकार दिला आहे, की एखादा माणूस भामट्याच्या इतका कह्यात गेला असेल की समजावूनही पटत नाही, तर त्याच्या खात्यातील व्यवहार काही काळ रोखता यावेत.

ही प्रारूपे जशीच्या तशी इथे उचलून आणावीत, असे मी म्हणत नाही. पण त्यामागचे तत्त्व आपल्याला लागू पडते. ज्या संस्थेच्या खिशाला झळ बसते तीच संस्था दार नीट लावते. भाड्याचे खाते उघडून देणाऱ्या बँकेला भरपाईचा निम्मा वाटा द्यावा लागला, तर खाते उघडतानाची चौकशी आपोआप कडक होईल. सत्तरीपुढील ग्राहकाची ठेव मुदतीआधी मोडली जाऊन रक्कम कधीच व्यवहार न झालेल्या खात्यात जात असेल, तर ती एक दिवस थांबवून शाखेतून फोन जावा, हे आजच्या संगणकप्रणालीला अशक्य नाही. शाखेत धांदलीने ठेव मोडायला आलेल्या आजोबांना कर्मचाऱ्याने ‘कोणासाठी पाठवताय?’ असे दोनदा विचारल्यामुळे ‘डिजिटल अटके’चा डाव उधळल्याच्या बातम्या देशभरातून आल्या आहेत. ते कर्मचारी स्वतःच्या समजुतीने वागले. तो नियम का असू नये?

मावशीचे पैसे परत मिळाले नाहीत. तक्रार नोंदली आहे. नऊ दिवसांत ती रक्कम कुठल्या कुठे गेली होती. आता तिच्या फोनशेजारी भिंतीवर तिच्याच वळणदार अक्षरात ठरलेले वाक्य आणि खाली १९३० हा आकडा चिकटवलेला आहे. परवा तिचा फोन आला. ‘अरे, पुन्हा एक आला होता. गॅसचं कनेक्शन तोडणार म्हणत होता. मी म्हटलं, उद्या सांगते.’ मग क्षणभर थांबून तिने विचारले, ‘बरोबर केलं ना?’ मुख्याध्यापिका राहिलेल्या बाईने हा प्रश्न मला विचारावा, याचे मला वाईट वाटले. मी म्हणालो, ‘बरं झालं सांगितलंस.’